पाणी तेच, वीजही तीच. मग खेळ कोण फिरवतं?

शाळेत आपण सगळ्यांनी पाणी ‘फोडलं’. दोन नळ्या, दोन तारा, एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे ऑक्सिजन. आकृती काढली, नावं दिली, मार्क घेतले, विषय संपला. पण पाणी फुटतं ते नेमकं कुठं? आणि कुणाच्या जिवावर? दोनशे वर्षं झाली, शास्त्रज्ञ अजून त्याच प्रश्नाभोवती फिरतायत.

तुमच्या घरी इन्व्हर्टर आहे? नसला तर कुणाच्या तरी जुन्या बाइकची बॅटरी आठवा. रोजच्या बघण्यातल्या या डब्यात एक मस्त कोडं आहे.

पुस्तक सांगतं, पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला कमीत कमी १.२३ व्होल्ट लागतात. आता बॅटरीचा हिशेब मांडा. शिशाच्या बॅटरीतला एकेक सेल साधारण २ व्होल्टचा. असे सहा सेल मिळून १२ व्होल्ट. आत काय असतं? सौम्य सल्फ्युरिक आम्ल, म्हणजे बरंचसं पाणीच. थोडक्यात, पाण्यात दोन प्लेटा बुडवलेल्या आहेत आणि त्यांच्यात २ व्होल्टचा फरक आहे. पुस्तकाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त. मग ते पाणी बुडबुडे काढत फुटून का जात नाही? खरं तर बॅटरी दुकानातच कोरडीठाक पडायला हवी होती!

तर त्याचं उत्तर असं, की पाणी फुटतं. पण अगदी सावकाश. म्हणून तर जुन्या पद्धतीच्या बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. आणि सावकाश फुटतं, कारण समोर शिसं आहे. त्याच आम्लात, तेवढ्याच व्होल्टवर शिशाच्या जागी प्लॅटिनम ठेवलं असतं तर बुडबुड्यांची झुंबड उडाली असती.

म्हणजे १.२३ हा आकडा ‘हे होऊ शकतं’ एवढंच सांगतो. ‘किती वेगानं’ हे तो सांगत नाही. ते ठरतं धातूच्या पृष्ठभागावर, एक-दोन रेणूंच्या जाडीत. अख्ख्या गोष्टीचा हीरो तिथं बसलाय.

पितळेची तार, प्लॅटिनमची तार

साल १८००. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टानं नुकतीच पहिली बॅटरी बनवली होती. त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. ते पत्र नीट छापून येण्याआधीच त्याची खबर विल्यम निकोल्सन आणि अँथनी कार्लाइल या दोघांना लागली. दोघांनी लगेच घरच्या घरी तसंच यंत्र रचलं आणि मे महिन्यात त्याच्या दोन तारा पाण्याच्या नळीत सोडल्या.

तारा पितळेच्या होत्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. दुसऱ्या तारेवर ऑक्सिजन यायला हवा होता, पण तिथं तार स्वतःच काळवंडायला आणि झिजायला लागली. मग त्यांनी पितळ काढून प्लॅटिनम लावलं. आता दोन्हीकडे बुडबुडे! एकीकडे हायड्रोजन, एकीकडे ऑक्सिजन.

पाणी बदललं नव्हतं. बॅटरीही बदलली नव्हती. बदलली होती फक्त तार. म्हणजे या शास्त्राच्या पहिल्याच प्रयोगात धातूनं आपली ताकद दाखवून दिली होती. आपण मात्र आकृतीत तारेला नुसतं ‘इलेक्ट्रोड’ असं नाव देऊन पुढे जातो.

घमेलं हातोहात

त्या प्रयोगानं एक भलताच प्रश्न उभा केला. पाण्याचा एक रेणू फुटला, तर त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी-शेजारीच मिळायला हवेत ना? मग एक या तारेवर आणि दुसरा बोटभर अंतरावरच्या त्या तारेवर कसा काय उगवतो? मधल्या पाण्यातून काही पळताना तर दिसत नाही.

याचं उत्तर शोधणारा थिओडोर ग्रोटहुस तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याच वयाचा. रेणू म्हणजे काय हेही तेव्हा नीट ठरलेलं नव्हतं. त्यानं १८०५-०६ मध्ये कल्पना मांडली, की पाण्याचे कण साखळी करतात आणि आपापला जोडीदार शेजाऱ्याच्या हवाली करतात.

स्लॅब पडताना बघितलाय ना? खालपासून वरपर्यंत माणसांची रांग लागते. घमेलं हातोहात वर जातं. माणूस जागचा हलत नाही, तरी काँक्रीट तिसऱ्या मजल्यावर पोचतं. पाण्यात प्रोटॉन असाच सरकतो. या टोकाला एक प्रोटॉन पकडला जातो आणि त्या टोकाला दुसराच सुटतो. ग्रोटहुसच्या मूळ कल्पनेत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण पाण्यातून प्रोटॉन इतक्या चपळाईनं कसा जातो याला आजही ‘ग्रोटहुस यंत्रणा’ म्हणतात. विशीतल्या पोराचं नाव दोनशे वर्षं टिकलं!

पहिल्या थरातली गर्दी

आता थेट धातूपाशी जाऊ. पाण्याच्या एका रेणूची रुंदी सुमारे ०.३ नॅनोमीटर. आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

इलेक्ट्रोडवर एक व्होल्टचा फरक दिला, की तो फरक सगळ्या ग्लासभर पाण्यात सारखा पसरत नाही. त्यातला बराचसा धातूला चिकटून असलेल्या जेमतेम नॅनोमीटरभर जाडीच्या थरात कोंबला जातो. ऐकायला एक व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटतं. पण तो इतक्या कमी जागेत आला, की विद्युतक्षेत्र होतं मीटरला सुमारे १०० कोटी व्होल्ट! तुलनेसाठी सांगायचं तर कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला साधारण ३० लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे साध्या पेन्सिल सेलनं पाण्याच्या कडेला ठिणगीच्या तीनशेपट जोराचं क्षेत्र तयार होऊ शकतं.

अशा ठिकाणी पाणी ग्लासातल्यासारखं वागेल कसं? पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू जराशी ऋण आणि हायड्रोजनची बाजू जराशी धन. त्यामुळे धातू ऋण झाला की रेणू आपले हायड्रोजन त्याच्याकडे वळवतात, धन झाला की ऑक्सिजन पुढे करतात. हे नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही. १९९४ मध्ये संशोधकांनी चांदीच्या इलेक्ट्रोडवर क्ष-किरण टाकून पाण्याच्या रेणूंची ही कूस बदलताना टिपली.

आणखी एक गंमत. बर्फात पाण्याचे रेणू सहा-सहाच्या कड्या करतात, हे तुम्हाला माहीत असेल. मग धातूवरचा पहिला थरही तसाच षटकोनी असणार, असं बराच काळ धरून चालले होते. पण अतिथंड प्लॅटिनमवर सूक्ष्मदर्शक रोखला तेव्हा २०१० मध्ये दिसलं, की तिथं पाच-पाचच्या आणि सात-सातच्या कड्याही आहेत. खालच्या धातूच्या अणूंशी जमवून घ्यायचं तर पाण्यालाही आपली रांगोळी मोडावी लागते.

धातू बदलला की रांगोळीही बदलते. प्लॅटिनमवर पहिल्या थरातलं पाणी अखंड राहतं. रुथेनियमवर मात्र त्यातलं काही पाणी वीज न देताच फुटलेलं असावं, असं पीटर फायबलमन यांनी २००२ मध्ये आकडेमोड करून मांडलं आणि त्यावर पुढे चांगलाच वाद रंगला. विचार करा, पाण्याचा एकच थर, दोन धातू, आणि एवढा गदारोळ!

कॅन्टीनचा नियम

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. धातू नेमकं करतो काय?

आम्लाच्या पाण्यात हायड्रोजन तयार होताना तीन गोष्टी घडतात. आधी पाण्यातला प्रोटॉन धातूकडून एक इलेक्ट्रॉन घेतो. मग तो हायड्रोजनचा अणू होऊन धातूवरच टेकतो. शेवटी असे दोन अणू जोडी करून रेणू बनतात आणि बुडबुड्यात निघून जातात.

तुमच्या कॉलेजचं कॅन्टीन डोळ्यांसमोर आणा. टेबलापाशी कुणी बसलंच नाही तर धंदा नाही. आणि एक चहा घेऊन चौघं तीन तास हललेच नाहीत, तरी धंदा नाही. मालकाला हवं असतं ते मधलं गिऱ्हाईक: बसेल, खाईल आणि वेळेत उठेल.

धातूचंही तेच. हायड्रोजनला तो फारच सैल धरत असेल तर अणू टेकतच नाही. फारच घट्ट धरत असेल तर टेकलेला अणू सुटत नाही. उत्तम उत्प्रेरकाची पकड मधली असते. हा विचार फ्रान्सच्या पॉल साबात्ये यांचा; १९१२ चा रसायनाचा नोबेल ज्यांना मिळाला तेच हे. एका अक्षावर धातूची पकड आणि दुसऱ्यावर वेग असा आलेख काढला, की तो दोन्ही बाजूंनी चढत मध्ये टोकदार होतो, डोंगरासारखा. म्हणून त्याला ‘व्होल्कॅनो प्लॉट’ म्हणतात. शिखरापाशी प्लॅटिनम आहे. सैल धरणाऱ्यांच्या पायथ्याशी शिसं आणि पारा.

शिखर आणि पायथा यांच्यात अंतर किती? हायड्रोजन सोडण्याच्या मूळ वेगात प्लॅटिनम आणि शिसं यांच्यात सुमारे एक अब्जपट फरक आहे. पाणी तेच, आम्ल तेच, आणि वेगात अब्जपट फरक!

आता सुरुवातीचं कोडं सुटलं की नाही? शिसं इतकं मंद आहे, की २ व्होल्टवरसुद्धा पाणी जवळजवळ सुरक्षित राहतं. समोरच्या प्लेटवरचं लेड डायऑक्साइडही ऑक्सिजन सोडण्यात तसंच मंद. या दोघांच्या आळसावर जगभरच्या ट्रक, रिक्षा, इन्व्हर्टर चालतात. आणि बॅटरीत नळाचं पाणी का घालायचं नाही, तेही यातून कळतं. पाण्यातून काही धातू आत गेले, की ते शिशाच्या प्लेटवर बसतात आणि तिथं हायड्रोजनला चपळ जागा मिळते. बॅटरी बुडबुडे सोडत स्वतःच उतरायला लागते. ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीतही हीच युक्ती आहे. प्लेटांच्या जाळीत पूर्वी अँटिमनी मिसळत, ते हायड्रोजन सुटायला मदत करायचं. त्याऐवजी कॅल्शियम वापरलं आणि पाणी घालायची कटकट बरीच कमी झाली.

ऑक्सिजनचं दुखणं

हायड्रोजनची बाजू त्यातल्या त्यात सोपी. दोन इलेक्ट्रॉनचा व्यवहार, धातूवर एकच पाहुणा. खरी कसरत समोरच्या तारेवर. ऑक्सिजनचा एक रेणू तयार करायला पाण्याचे दोन रेणू सोलावे लागतात, चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात आणि मधल्या वाटेवर ओएच, ओ आणि ओओएच असे तीन वेगवेगळे पाहुणे पृष्ठभागावर सांभाळावे लागतात. गोची अशी, की या तिघांशी धातूची पकड एकमेकांत अडकलेली आहे. एकाला जरा सैल धरायला जावं तर दुसराही सैल होतो. तिघांना एकाच वेळी खूश ठेवणारा धातू अजून कुणाला मिळालेला नाही.

त्यात भर म्हणजे धन बाजूला बहुतेक धातू स्वतःच गंजतात किंवा विरघळतात. निकोल्सन-कार्लाइलच्या पितळेचं तेच झालं होतं. अल्कलीच्या द्रावणात निकेल तग धरतं आणि ते स्वस्तही आहे. पण आम्लाच्या, झटपट चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये आजघडीला टिकतं ते प्रामुख्यानं इरिडियमचं ऑक्साइड. आणि इरिडियम साऱ्या जगात वर्षाला मिळतं जेमतेम सात-आठ टन, तेही बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून. एका ट्रकमध्ये मावेल एवढं!

दोघांत वाटून काम

मग अल्कलीचाच मार्ग धरू, असं तुम्ही म्हणाल. पण तिथं वेगळाच पेच. आम्लात मोकळे प्रोटॉन आयते मिळतात. अल्कलीत ते नसतात. तिथं हायड्रोजन हवा तर आधी पाण्याचा अख्खा रेणू धातूच्या दारात फोडावा लागतो. आणि इथं आपला चॅम्पियन प्लॅटिनम सुमारे शंभरपट मंदावतो. त्याला सुटा हायड्रोजन सांभाळता येतो, पाणी फोडण्यात मात्र तो कच्चा.

यावर २०११ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन नॅशनल लॅबोरेटरीच्या गटानं झकास तोड काढली. त्यांनी प्लॅटिनमवर निकेल हायड्रॉक्साइडचे नॅनोमीटरभर आकाराचे ठिपके बसवले. ठिपक्याच्या कडेला पाणी फुटायचं आणि सुटलेला हायड्रोजन शेजारच्या प्लॅटिनमवर जाऊन जोडी जमवायचा. वेग आठपट वाढला. एकट्याला न झेपणारं काम दोघांनी वाटून घेतलं, एवढीच आयडिया. पण अल्कलीत प्लॅटिनम नेमकं का मंदावतं? पाणी फुटायला वेळ लागतो म्हणून, हायड्रोजनवरची पकड बदलते म्हणून, की पहिल्या थरातल्या पाण्याची रचनाच आडवी येते म्हणून? यावर अजून जोरदार भांडणं चालू आहेत.

०.१ व्होल्टची किंमत

‘एवढ्याशा थरासाठी एवढं रामायण?’ असं वाटत असेल तर चला, एक हिशेब करू. बारावीतला फॅराडेचा नियम पुरे आहे.

एक किलो हायड्रोजन बनवायला किती विद्युतभार लागतो ते काढा आणि व्होल्टनं गुणा. उत्तर येतं, दर व्होल्टमागे साधारण २६.६ युनिट वीज. म्हणजे १.२३ व्होल्टवर काम झालं असतं तर किलोला सुमारे ३३ युनिट पुरले असते. प्रत्यक्षात इलेक्ट्रोलायझरचे सेल १.८ ते २ व्होल्टवर चालतात. म्हणजे ४८ ते ५३ युनिट. वरची वीज बव्हंशी उष्णता होऊन जाते. त्यातली काही द्रावणाच्या रोधात जाते, पण मोठा वाटा जातो तो पृष्ठभागांना ढकलण्यात, विशेषतः ऑक्सिजनच्या बाजूला.

केंद्र सरकारनं ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं. तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. लक्ष्य, २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन ग्रीन हायड्रोजन बनवण्याची क्षमता. आज खतं आणि तेलशुद्धीकरण यांना लागणारा हायड्रोजन प्रामुख्यानं नैसर्गिक वायूपासून मिळतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो थांबवायचा तर सौर आणि पवन ऊर्जेवर पाणी फोडायला हवं. कल्पना आपल्याला अगदीच नवी नाही. पंजाबात नांगलच्या खत कारखान्यात १९६० च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून खत बनायचं.

आता समजा, तुमच्यापैकी कुणी असा पृष्ठभाग तयार केला की सेलचा व्होल्ट फक्त ०.१ नं कमी झाला. किलोमागे वाचले २.६६ युनिट. ५० लाख टन म्हणजे ५०० कोटी किलो. गुणाकार करा: वर्षाला सुमारे १,३३० कोटी युनिट! महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या तब्बल १ कोटी १० लाख घरांची वर्षभराची वीज. धातूवरच्या रेणूभर जाडीच्या थरात केलेल्या सुधारणेतून.

मग आपण काय करायचं?

सुरुवात घरी करता येईल. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून त्यांची शिसं ९ व्होल्टच्या बॅटरीला तारेनं जोडा आणि दुसरी टोकं पाण्यात बुडवा. ऋण बाजूला जास्त बुडबुडे दिसतील. मग धन बाजूची पेन्सिल काढून तिथं तांब्याची तार लावा. थोड्या वेळानं बुडबुडे रोडावतील, तार डागाळेल आणि पाण्यात निळसर-हिरवट गाळ दिसू लागेल. १८०० साली पितळेनं जे केलं, ते तुमच्या टेबलावर तांबं करून दाखवेल.

काही पथ्यं मात्र कडक पाळा. सोड्याऐवजी मीठ वापरायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. धन बाजूला स्टीलचा चमचा लावायचा नाही, क्रोमियमची घातक संयुगं पाण्यात उतरतात. ग्लास उघडा, खिडकी उघडी, जवळ आग नको आणि वायू बाटलीत कोंडायचा नाही. ते पाणी प्यायचं नाही आणि शेवटी हात धुवायचे.

कॉलेजच्या लॅबमध्ये त्यापुढे जाता येतं. सरांना किंवा मॅडमना गाठा आणि कमी-जास्त करता येणारा वीजपुरवठा मागा. द्रावण तेच ठेवून ऋण बाजूची तार बदलत राहा आणि बुडबुडे कितव्या व्होल्टला सुरू होतात ते लिहून काढा. प्रवाह मोजून त्याच्या लॉगचा आलेख काढला तर सरळ रेषा मिळेल. वेग दहापट वाढवायचा तर दर वेळी ठराविक व्होल्टचा टोल भरावा लागतो, हा युलिउस टाफेलनं १९०५ मध्ये मांडलेला नियम तुमच्या वहीत उतरेल.

गोडी लागलीच तर वाट मोठी आहे. तमिळनाडूत कारैकुडीला खास विद्युतरसायनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, पुण्याची एनसीएल आहे. आणि यासाठी एकट्या केमिस्ट्रीवाल्यांना आमंत्रण आहे असंही नाही. पृष्ठभागावरच्या पाण्याचं गणित मांडायला फिजिक्सवाले लागतात, लाखो मिश्रधातू कॉम्प्युटरवर चाळायला कोडिंगवाले लागतात, आणि सापडलेला पृष्ठभाग वर्षानुवर्षं टिकवायला मेटलर्जीवाले.

१.२३ हा आकडा निसर्गानं ठरवून दिलाय, त्यात घासाघीस चालत नाही. त्याच्यावरचे अर्धा-पाऊण व्होल्ट मात्र आपण आपल्या अज्ञानापोटी भरतोय. ते बिल कमी करायला अजून भरपूर जागा आहे. ती जागा फक्त एका रेणूएवढी जाड आहे, इतकंच.